भाषण कुणाचं आणि निर्णय कुणाचा

प्रश्न असा आहे: सामाजिक विषयावरचे हिंदी चित्रपट शेवटी भाषणावरच का येतात? अन्याय एकावर होतो आणि नायक त्याला वाचवायला आलेला दुसराच कुणी असतो, असं का? निर्मात्यांचा गल्ला एवढंच कारण आहे का? विचारणारा तरुण गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगारावर लघुपट लिहितोय आणि गोष्ट एका पत्रकाराच्या नजरेतून सांगायचा त्याचा विचार आहे.

आधी गल्ल्याचं सांगतो, कारण ते लवकर संपतं. मी हिंदीत पटकथा लिहितो, त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांच्या लिहिलेल्या दुरुस्त करतो. सिनेमाला पैसा कोण देणार हे ठरतं त्यात नट कोण आहे यावर. ओटीटीचे हक्क, टीव्हीचे हक्क, पहिल्या तीन दिवसांचं ओपनिंग, सगळं त्या नावावर. मोठा नट नॅरेशनला, म्हणजे गोष्ट ऐकायला, बसतो तेव्हा तो विषय ऐकत नाही, स्वतःचे प्रसंग ऐकतो. मार खाणारा, गप्प राहणारा, कागदपत्रांसाठी खेटे घालणारा माणूस त्याला पडद्यावर व्हायचं नसतं. मग लेखक त्याच्यासाठी एक खुर्ची तयार करतो: वकील, पोलीस अधिकारी, मास्तर, डॉक्टर. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर एक गोष्ट आम्ही घेऊन गेलो होतो. अर्ध्या तासाच्या नॅरेशननंतर समोरून पहिला प्रश्न आला, "डॉक्टर कोण करतोय?" पुढच्या मसुद्यात शहरातून आलेला प्रामाणिक डॉक्टर होता, त्याच्या पुढच्यात त्याची प्रेमकथा होती. सिनेमा झाला नाही, ते बरंच झालं.

पण सगळं खापर पैशावर फोडलं की आम्ही लेखक सुटतो, आणि आम्ही सुटायच्या लायकीचे नाही. नट नसतानाही, स्वस्तातल्या सिनेमातही हाच साचा येतो. कारण तो लिहायला सोपा आहे. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला काहीतरी करता येतं: तो फाइल उघडतो, छापा घालतो, कोर्टात उभा राहतो. पटकथेला कृती लागते. ज्याच्याकडे अधिकार नाही त्याची कृती कशी दिसते हे शोधायला त्याच्या रोजच्या जगण्याची बारीक माहिती लागते. ती नसली की लेखक अधिकाऱ्याकडे पळतो.

भाषणाचंही तेच. शेवटचं भाषण म्हणजे बहुतेक वेळा न सुटलेला तिसरा अंक असतो. काय घडावं हे सापडलं नाही, तर काय वाटावं हे सांगून टाकायचं. शिवाय ते चित्रित करायला सोयीचं आहे. एक लोकेशन, बसलेली माणसं, बोलणाऱ्याचे क्लोजअप, ऐकणाऱ्यांचे ओले डोळे. ट्रेलरला वाक्य मिळतं. वर सरकारी दरबारात "संदेश" दाखवता येतो. जीएसटी येण्याआधी, म्हणजे १ जुलै २०१७ पूर्वी, करमणूक कर राज्यांच्या हातात होता आणि "करमुक्त" ही पाटी मिळवायची तर सिनेमात समाजोपयोगी काय आहे ते मंत्रालयातल्या माणसाला चटकन दिसावं लागे. भाषण चटकन दिसतं. (आताही "टॅक्स फ्री" जाहीर होतं, पण ते राज्याने आपल्या वाट्याचा जीएसटी सोडणं असतं.)

आता मी पटकथा तपासताना काय करतो ते सांगतो, म्हणजे बाकीचं समजेल. गोष्ट जिथे जिथे वळते तिथे मी समासात एक नाव लिहितो: हा निर्णय कोणी घेतला? सिनेमा कोणाविषयी आहे हे पोस्टर सांगतं, कोणाचा आहे हे ही समासातली नावं सांगतात.

"अछूत कन्या" घ्या. १९३६, बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी कस्तुरी म्हणजे देविका राणी, ब्राह्मण मुलगा प्रताप म्हणजे अशोक कुमार. त्या काळात हा विषय घेणं हेच धाडस होतं, ते कमी लेखायचं कारण नाही. पण समास भरून बघा. लग्न कोणाशी व्हावं यात कस्तुरीचं नाव येत नाही. तिचं नाव एकदाच ठळक येतं, शेवटी, ती गाडी थांबवायला रुळावर धावते आणि मरते तेव्हा. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून काढलं होतं. तिकडे जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालायची भाषा चालली होती, इकडे पडद्यावर मुलगी सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून जीव देत होती.

तेव्हापासून ही खोड लागली ती लागलीच. हिंदी सिनेमा पीडिताला एक निर्णय सढळ हाताने देतो, तो म्हणजे त्यागाचा. १९५९ च्या "सुजाता"मध्ये बिमल रॉय यांचं दिग्दर्शन इतकं हळुवार आहे आणि नूतनचा चेहरा इतका बोलका, की हे लक्षात यायला मला दुसऱ्यांदा बघावा लागला. अस्पृश्य घरात जन्मलेल्या सुजाताला वाढवणारी चारू, म्हणजे आपल्या सुलोचनाबाई, तिची ओळख करून देताना "हमारी बेटी" म्हणत नाही, "बेटी जैसी" म्हणते. तो एक शब्द गळून पडावा म्हणून अख्खा सिनेमा चालतो आणि तो गळतो कधी? चारू जिन्यावरून पडते, पोटच्या मुलीचं रक्त जुळत नाही, सुजाताचं जुळतं. म्हणजे मुलगी ठरायला रक्त द्यावं लागलं. समजा रक्तगट जुळला नसता तर? हा प्रश्न सिनेमा विचारत नाही, आणि प्रेक्षकालाही विचारू देत नाही.

आणि हे सगळं "जुन्या काळी असंच होतं" म्हणून सोडून देऊ नका. १९३७ मध्ये, "अछूत कन्या"नंतर वर्षभरात, पुण्यात प्रभातने "कुंकू" काढला, हिंदीत "दुनिया ना माने". ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी केलेला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला सरळ नकार देते आणि शेवटपर्यंत त्या नकारावर ठाम राहते. शांता आपट्यांच्या वाट्याला समासातली निम्म्याहून जास्त नावं येतात. (शेवट म्हाताऱ्याच्या आत्महत्येवर ढकललाय, ती पळवाट मला आवडत नाही. पण नकार नीराचा आहे, तो कोणी तिच्या वतीने देत नाही.) तेव्हाही येत होतं, ज्यांना करायचं होतं त्यांना.

"लगान" या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखा आहे. २००१ चा, सर्वांनी पाहिलेला: इंग्रजांशी क्रिकेटचा सामना जिंकला तर लगान माफ. सराव चालू असताना चेंडू बाजूला उभ्या असलेल्या कचरा नावाच्या अस्पृश्य माणसाकडे जातो. नायक भुवन त्याला चेंडू फेकायला सांगतो, तो घाबरतो, अधू हाताने फेकतो आणि चेंडू वळतो. भुवन म्हणतो हा आपल्या संघात. गाव खवळतं. मग भुवनचं भाषण, आणि गाव वळतं. आता आवाज बंद करून हा प्रसंग बघा. ज्याच्याविषयी हे सगळं चाललंय तो माणूस बाजूला अंग चोरून उभा आहे. त्याला खेळायचंय का, हे कोणीही विचारत नाही. भुवनही नाही. ज्या गावाने जन्मभर सावली टाळली त्या गावाचा लगान माफ व्हावा म्हणून मी का धावू, असं त्याच्या मनात आलं असेल का? हा एक प्रश्न विचारला असता तर सिनेमा दहा मिनिटांनी लांबला असता आणि कितीतरी मोठा झाला असता.

त्याच सिनेमाचं शेवटचं षटक आठवा. कचरा स्ट्राइकवर आहे. तो कसाबसा चेंडू तटवतो, एक धाव निघते, पंच नो-बॉल देतो आणि पुढचा चेंडू खेळायला भुवन येतो. षटकार त्याचा. पटकथेच्या हिशेबाने हे अचूक आहे, टाळ्या मीही वाजवल्या आहेत. पण हिंदी सिनेमात स्ट्राइक कोणाकडे जातो हे यापेक्षा नेमकं कोणी दाखवलेलं नाही.

"दामिनी"चं एका वाक्यात सांगतो: बलात्कार मोलकरणीवर होतो, ती मरते, लढाई घरची सून लढते आणि लोकांना आठवतो तो वकील, "तारीख पे तारीख" म्हणणारा.

मग बाहेरचा माणूस गोष्टीत आणूच नये का? तसं अजिबात नाही. इथे विजय तेंडुलकरांकडे जावं लागतं. "मंथन" (१९७६) आणि "आक्रोश" (१९८०), दोन्हींची पटकथा त्यांची, दोन्हींत बाहेरून आलेला सुशिक्षित माणूस आहे. "मंथन"मधला डॉक्टर राव दूध सोसायटी काढायला गावात येतो. साच्याप्रमाणे त्यानेच जिंकायला हवं. तेंडुलकर आणि श्याम बेनेगल त्याला हरवून परत पाठवतात आणि सोसायटी पुढे चालवायची जबाबदारी उचलतो तो दलित वस्तीतला भोला. आता पैशाचा मुद्दा परत येतो बघा. या सिनेमाला पैसा दिला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी २ रुपये. तिथे कोणी "डॉक्टर कोण करतोय" असं विचारणारं नव्हतं. पैसे भोलांनीच दिले होते.

"आक्रोश"मध्ये तर तेंडुलकर आणि गोविंद निहलानींनी वाचवणाऱ्या नायकाचा साचा आतूनच फोडला. तरुण वकील भास्कर कुलकर्णी आदिवासी लहान्या भिकूची केस घेतो. बायकोच्या खुनाचा आरोप लहान्यावर आहे. आपण कुलकर्णीच्या खांद्यावरून सगळं बघतो, तो पुरावे शोधतो, धावपळ करतो, मारही खातो. आणि लहान्या? बोलतच नाही. ओम पुरी अख्खा सिनेमा गप्प बसतो. वकिलाची सगळी सदिच्छा त्या मौनावर आपटून परत येते. शेवटी बापाच्या अंत्यविधीला बेड्यांसकट आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि स्वतःच्या बहिणीला मारतो, कारण बड्या लोकांनी बायकोवर जो अत्याचार केला तोच तिच्यावर होणार हे त्याला दिसतंय. मग तो ओरडतो. हा निर्णय भयंकर आहे, तो योग्य आहे असं सिनेमाही म्हणत नाही. पण तो लहान्याचा आहे, आणि कुलकर्णीला तो आधी कळतही नाही. भाषण लिहायला तेंडुलकरांना काय अवघड होतं? त्यांनी शब्दाऐवजी किंकाळी लिहिली.

"आर्टिकल १५" (२०१९) या मोजपट्टीवर अर्धा उतरतो. अयान रंजन हा ब्राह्मण आयपीएस अधिकारी, आयुष्मान खुराना. आपल्या हाताखालच्या पोलिसांना तो एकेकाला जात विचारतो आणि उतरंडीत उतरंड निघत जाते, तो प्रसंग फार चांगला लिहिलाय. शहरी प्रेक्षकाला त्याच्याच वर्गातल्या माणसाच्या डोळ्यांनी खाली बघायला लावायचं, हा दिग्दर्शक अनुभव सिन्हा यांचा डाव मला समजतो. पण दलित कार्यकर्ता निषाद, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे, त्याला सिनेमा मध्येच मारून टाकतो आणि दलदलीत उतरून बेपत्ता मुलगी शोधायचं काम अयानकडे येतं. नागराज मंजुळेंच्या "झुंड"लाही (२०२२) अमिताभ बच्चन लागलेच. फक्त तिथे उत्तरार्धात सिनेमा हळूच फुटबॉल खेळणाऱ्या झोपडपट्टीतल्या मुलांकडे सरकतो, पासपोर्टच्या कागदांसाठीची वणवण त्यांची स्वतःची होते. पैसा बच्चन यांच्या नावावर उभा करायचा आणि गोष्ट मुलांना द्यायची, ही तडजोड मला शहाणपणाची वाटते.

चांगलं काय दिसतं ते जवळून बघायचं तर नीरज घेवानचा "गीली पुच्ची" बघा, २०२१ च्या "अजीब दास्तान्स"मधला एक भाग, तासाभराहून छोटा. दलित भारती मंडल कारखान्यात यंत्रावर काम करते. ऑफिसातल्या नोकरीसाठी पात्र आहे, पण ती जागा नव्याने आलेल्या ब्राह्मण प्रिया शर्माला मिळते. दोघींची मैत्री होते, त्याहून थोडं जास्तही. भारती आपलं आडनाव बॅनर्जी सांगते. खरं कळल्यावर प्रियाची वागणूक बदलते, आरडाओरडा नाही, नुसती सूक्ष्म आखडते. पुढे प्रियाच्या घरी चहा येतो. घरच्यांना कपबशीत, भारतीला स्टीलच्या पेल्यात. कोणी काही बोलत नाही. कोंकणा सेन शर्मा त्या पेल्याकडे बघते आणि चहा पिते. भारतीने तोवर प्रियाला गोड बोलून मूल आणि संसार यांत गुंतवलंय, नोकरी सोडायला लावलीय आणि ती खुर्ची स्वतः मिळवलीय. समासात भारती, भारती, भारती. ती पूर्ण सज्जन नाही, आणि हेच मोठं आहे. पीडित माणूस पडद्यावर देवासारखा चांगलाच असावा, ही अटसुद्धा त्याच्या हातातून निर्णय काढून घेते. डाव टाकायला माणूस लागतो.

आता सेन्सॉरचं, कारण त्याचा परिणाम कागदावर आधीच होतो. २०२५ मध्ये "फुले" ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही संघटनांचे आक्षेप आले, सेन्सॉर बोर्डाने जातींचे उल्लेख बदलायला सांगितले आणि तो २५ एप्रिलला लागला. "धडक २"मधल्या जातविषयक संवादांनाही कात्री लागली. बोर्डाच्या निर्णयावर दाद मागायला पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. कर्जाचं व्याज आणि थिएटरच्या तारखा डोक्यावर असलेला निर्माता तिथे जात नाही, तो लेखकाला फोन करतो: आडनावं काढा. आडनाव निघालं की भांडण "गरीब-श्रीमंत" होतं. "सैराट"मध्ये पाटलांचा प्रिन्स वर्गात दलित लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो. ते आडनाव तिथे असल्यामुळे त्या थपडेला कारण आहे, इतिहास आहे, पुढे येणाऱ्या शेवटाची खूण आहे. त्याचा २०१८ चा हिंदी अवतार "धडक" उदयपूरला गेला, प्रेम राहिलं, राजकारण राहिलं, जात मात्र एखाद-दुसऱ्या वाक्यापुरती उरली. मग शेवटचा खून कशासाठी झाला हे प्रेक्षकाला आठवून घ्यावं लागतं.

आता तुमचा लघुपट. लघुपटाला नट लागत नाही, वितरणाची टेरिटरी विकायची नाही, म्हणजे आम्ही जी कारणं सांगतो त्यातलं एकही तुमच्याकडे नाही. तरी तुम्ही पत्रकार घेतलात. का? बहुधा तुम्हाला त्या घराविषयी कमी आणि पत्रकाराविषयी जास्त माहिती आहे म्हणून. त्यावर उपाय एकच, त्या घरात जाऊन बसणं.

लिहिण्याआधी चैतन्य ताम्हाणेचा "कोर्ट" (२०१४) पुन्हा बघा. तो निव्वळ हिंदी नाही, मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं त्यात आहे, पण विषय तुमचाच. गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा आत उतरण्याआधी वर झुरळं येतात का ते बघायचा, झुरळं जिवंत म्हणजे आत हवा आहे, हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. रडत नाही. कॅमेरा जवळ जात नाही. नंतर वकील तिला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो. ती घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. "आर्टिकल १५"मध्ये काळ्या पाण्यातून वर येणारा माणूस संथ गतीत दिसतो, तेही बघा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एकात आपल्याला त्या माणसाची कीव येते, दुसऱ्यात त्या बाईचा हिशेब कळतो.

कायद्याचं वाचा. हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर नातेवाइकांना ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं, त्याआधी ही रक्कम १० लाख होती. इथे तुमचं नाट्य आहे. ३० लाख मिळायचे तर मृत्यू गटारात, कामावर असताना झाला हे सिद्ध व्हावं लागतं. ठेकेदाराला तेच नको असतं. समजा तो तिसऱ्या दिवशी घरी येतो, थोडी रोकड आणि एक कागद घेऊन: नवरा दारू पिऊन पाय घसरून पडला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. घरभाडं थकलंय. दीर म्हणतो, सही कर. सासू गप्प आहे. त्याच ठेकेदाराकडे तिच्या भावाला उद्यापासून काम मिळणार आहे.

ती काय करते? हे तुम्हाला आत्ता माहीत नसेल तर पत्रकार आणून ते कळणार नाही. पत्रकार ठेवायचाच असेल तर ठेवा, पण या प्रसंगात त्याला दाराबाहेरही उभा करू नका. तिने सही केली की नाही हे त्याला दुसऱ्या दिवशी कळू दे, आणि त्याला आवडणार नाही असं काही कळलं तर आणखी चांगलं. तिने पैसे घेऊन सही केली आणि मग तक्रारही दिली, असं होऊ शकतं. तिने दीराला हाकलून दिलं आणि ठेकेदाराशी स्वतः भाव केला, असंही होऊ शकतं. आधी हा एकच प्रसंग लिहा, तीन-चार पानांचा, भाषणाशिवाय. त्यात समासात तिचं नाव आलं की बाकीची पानं कोणाच्या नजरेतून लिहायची हे विचारायची गरज पडणार नाही.